भाऊसाहेब, वजन पाह्यजे होतं

बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल चाललं होतं आणि दोघांची रीडिंग तपासायची राहिली होती. फोन सलीमचा होता, रशीद मिस्त्रींच्या मुलाचा. "सर, अब्बा गेले," तो म्हणाला, "असरच्या नमाजनंतर नेऊन राह्यलो." येतो म्हणालो, फोन खिशात ठेवला, त्या दोघांची रीडिंग तपासली, जर्नलवर सह्या केल्या आणि मग निघालो. मला ऐनवेळी काही सुचत नाही आणि काही वाटतही नाही; जे वाटायचं ते दोन-तीन आठवड्यांनी, भलत्याच ठिकाणी वाटतं. बायको याला माझा थंडपणा म्हणते. त्या दिवशी कब्रस्तानाबाहेर मेकॅनिक, ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले असे पुष्कळ जण उभे होते आणि त्यातले निम्मे तरी मिस्त्रींनी कधी ना कधी शिव्या घातलेले असावेत. मी त्यांच्यातच उभा राहिलो, माती दिली आणि घरी येऊन जेवलो. हे लिहायला सहा आठवडे लागले...

यवतमाळात आर्णी रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये रशीद मिस्त्रींचं गॅरेज होतं. शेडला पाटी नव्हती. किरकोळ शरीर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट आणि कानावर नेहमी एक खडूचा तुकडा. गाडी खोलली की ते एकेक बोल्ट फरशीवर गाडीच्या आकारात मांडत. पुढचे पुढे, मागचे मागे, डावे डावीकडे. त्या नकाशावर कुणाचा पाय पडला तर त्याची धडगत नसे. गाडी कधी मिळेल या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, "होईन." आणि दुरुस्ती झाली की किल्ली देताना हमखास म्हणत, "गाडी चांगली हाय, डायवर खराब हाय." मला तर हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे ते 'डायवर' एवढंच म्हणत, बाकीचं मी समजून घ्यायचं.

त्यांचा आणि आमचा संबंध एका गाडीचा. माझे वडील, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणे, कापसाचे जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना त्यांचा. लग्नाआधी, हातात पहिल्यांदा पैसा खेळायला लागला तेव्हा, त्यांनी एका ठेकेदाराकडून दोन माणसांची, कापडी टपाची, लाल रंगाची विलायती गाडी घेतली. ती बनवणारी कंपनी बुडून जमाना झाला. गाडी इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर बैल वरून आत डोकावत. गावातली पोरं तिला 'लाल मेंढकी' म्हणत. हंगामात वडील तिच्यातून राळेगावपर्यंत कापूस बघायला जात आणि परत आले की सीटवर, पायात, केसांत, सगळीकडे रुईचे तंतू. या मेंढकीला हात लावण्याची परवानगी जिल्ह्यात एकट्या रशीद मिस्त्रींना होती. त्यांना हात पुसायला लागणारी वाया गेलेली रुई आमच्या जिनिंगमधून जायची, हाच काय तो व्यवहारातला गोडवा. बाकी दोघंही कमी बोलणारे. वडील बोनेटच्या एका बाजूला उभे, मिस्त्री दुसऱ्या बाजूला वाकलेले, आणि मध्ये तासभर शांतता. मला लहानपणी वाटायचं, यांचं भांडण झालंय.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय, मी भर घालत नाही. आमच्यापुरतं सांगायचं तर एका दिवाळीनंतर जिनिंग सुरूच झाली नाही. घर आणि जिनिंग एकाच आवारात, त्यामुळे हंगामात मशीनची घरघर आमच्या भिंतींतून यायची. ती असली की आम्ही तिला वैतागायचो. त्या वर्षी ती आली नाही आणि घरात प्रत्येकाला रात्रंदिवस ऐकू यायला लागलं ते तिचं नसणं. वडील मागच्या खोलीत खिडकीशी बसू लागले. आधी बाजारात जाणं बंद झालं, मग फाटकापर्यंत जाणं, मग बोलणं. जेवायला हाक मारली की यायचे, ताटात असेल ते जेवायचे, परत जायचे. रोजच्या पेपरात कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं, पुढे एका माणसाचं नाव. आई पेपर माझ्याकडे आधी द्यायची आणि मी तो कॉलेजला घेऊन जायचो. एके दिवशी पाहिलं, आवारातल्या विहिरीच्या जाळीला आईने कुलूप घातलं होतं. आम्हाला भीती वाटत होती, आणि ती आम्ही एकमेकांनाही सांगत नव्हतो.

माझ्या शहाणपणाने मी त्यावर उपाय काढला. शेडमध्ये धूळ खात उभी असलेली गाडी त्यांच्या खिडकीतून समोरच दिसायची. मला वाटलं, ती नजरेआड झाली तर बरं. जुने दिवस डोळ्यांपुढून गेले की माणूस सावरतो, असं काहीसं. अमरावतीचं एक हौशी गिऱ्हाईक मिळालं. पण त्याने गाडी चालवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची, प्रत्येक खड्ड्यात पुढून 'खट्' आवाज, आणि सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग धरून ठेवावं लागे. नीट करून द्या, मग घेतो, असं म्हणून तो गेला. मी मिस्त्रींना बोलावलं. ते सायकलवरून आले, गाडीखाली सरपटत गेले, पहारीने पुढचे लोखंडी आर्म हलवून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बुश गेले. आठच्या आठ. रबर मरून गेलं." म्हणजे चाक धरणारे आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात, तिथली रबरं. लोखंडी नळीभोवती जाड रबर, एवढाच तो जिन्नस, पण तो वाळून भेगाळला की गाडी दारुड्यासारखी चालते. मी म्हणालो, बदलून टाका, विकायची आहे. मिस्त्रींनी कानावरचा खडू काढला, परत ठेवला. "विकाची हाय?" ते म्हणाले, "भाऊसाहेबाले विचारलं?" मी पहार उचलून भिंतीला लावली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या गाडीचे बुश आपल्या देशात मिळणं शक्य नव्हतं. मिस्त्रींनी आवारभर नजर फिरवली आणि सांगितलं की गाडी इथेच खोलू, जिनिंगमध्ये ट्रकखाली उतरून काम करायचा खड्डा आहे, आणि रबरही इथेच भेटन. मशीनची मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमध्ये तसलीच गोल रबरं असतात, मध्ये भोक असलेली. ती घासून मापात आणायची. आता जिनिंगच्या किल्ल्या वडिलांच्या उशाशी. मी आणायला निघालो तर मिस्त्री म्हणाले, मीच मागतो. खिडकीपाशी जाऊन त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, कपलिंगचं रबर पाह्यजे होतं. कोण्या मोटरचं घेऊ?" मी मधे पडणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "सात नंबरचं घे. मागच्या साली बदललं होतं. चारचं कडक झालं आहे." आणि गजांतून किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. कित्येक दिवसांत वडिलांचं एवढं लांब वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात हातातलं लाटणं तसंच धरून उभी होती.

पुढचे काही दिवस मिस्त्री रोज दुपारी येत. आर्म उतरवले, जुनी रबरं जाळून काढली, आत गंजून बसलेल्या नळ्या हॅकसॉच्या पात्याने उभ्या कापल्या. नवीन रबरं घासून घासून तयार केली, साबणाच्या पाण्यात बुडवून वाइसमध्ये दाबून बसवली. माणूस कामात असला की त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं, त्यामुळे मीही कॉलेजातून आलो की तिथे जाऊन उभा राहायचो. सगळं जोडून झालं, चाकं लागली, गाडी जॅकवरून उतरवून खड्ड्यावर उभी केली. मला वाटलं, संपलं. मिस्त्री रुईने हात पुसत म्हणाले, "बोल्ट हातानंच लावले हायेत. पाना लावला नाही. हवेत बोल्ट कसाचा नाही सर. चाक लोंबकळत असताना कसला त रबर तसंच धरून राह्यते, अन् गाडी खाली टेकली का त्याले जन्मभराचा पीळ बसते. सहा महिन्यात फाटते." हे मला पटलं. भौतिकशास्त्राच्या माणसाला पटण्यासारखंच होतं. मी म्हणालो, मग आता टेकली आहे ना, कसा. तर ते म्हणाले, "अशी नाही. बसणारा बसा लागते. गाडी भाऊसाहेबाची हाय. ते बसतीन तवा कसतो." आणि सायकल घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आले, खिडकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वजन पाह्यजे होतं." पाचेक मिनिटं थांबले, गेले. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. गाडी हाताने लावलेल्या बोल्टांवर खड्ड्यावर उभी, आणि तिकडे अमरावतीहून फोनवर फोन. मी मिस्त्रींना समजावलं की मी बसतो, माझं वजन काही कमी नाही. "गाडी तुमी चालवता का?" म्हणाले. मी म्हणालो, गोदामात सरकीची पोती पडली आहेत, वडिलांच्या वजनाइतकी सीटवर ठेवा. वजन ते वजन, पोत्याचं काय अन् माणसाचं काय? स्प्रिंगला कळतं का वर कोण बसलं आहे? त्यावर रशीद मिस्त्रींनी जे उत्तर दिलं ते मी पुढे अठरा वर्षं सांगत आलो. गंभीर चेहऱ्याने ते म्हणाले, "पोतं श्वास घेते का सर? मानूस बसला का श्वास घेते, पाय हालवते, मांडी बदलते. रबरले ते समजा लागते. पोत्यानं नाही होत." इतकं भोळं, इतकं ठाम अज्ञान मी प्रथमच पाहत होतो. हसू आलं आणि रागही आला.

आठव्या दिवशी अमरावतीवाल्याने कळवलं की त्याने दुसरी गाडी बघितली. त्या दुपारी मिस्त्री फाटकातून आत आले आणि मी त्यांना नको ते बोललो. तुमच्या अडाणी हट्टापायी गिऱ्हाईक गेलं, नागपूरला टाकली असती तर दोन दिवसांत झाली असती, असं आणि आणखीही काही. ते सायकल धरून ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "नागपूरवाला हवेत कसन." सायकल भिंतीला लावली आणि खिडकीशी जाऊन तेच वाक्य, त्याच आवाजात, म्हणाले. मला तेव्हा खरोखर वाटलं की म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडला आहे.

अकराव्या दिवशी मी घरी होतो. चारच्या सुमारास मिस्त्री आले, पण खिडकीकडे गेले नाहीत. पाना घेऊन सरळ खड्ड्यात उतरले. खालून आवाज दिला, "भाऊसाहेब, मी खाली हावो. गुडघे दुखून राह्यले. किती वेळ बसू?" काही वेळाने मागचं दार वाजलं. वडील पायजमा-बनियनवर, दाढी वाढलेली, उन्हाला डोळे बारीक करत अंगणात आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. गाडीपर्यंत गेले, दार उघडलं, सीटवरची धूळ हाताने झटकली आणि विचारलं, "किती वेळ बसायचं?" खालून उत्तर आलं, "बोल्ट आठ हायेत." वडील बसले. आठ बोल्ट कसायला दहा मिनिटं पुरतात. रशीद मिस्त्रींना दोन तास लागले. मधूनच पान्याचा आवाज यायचा, मधूनच दोघांचा. मी थोडा लांब होतो, तुकडे ऐकू येत होते... सात नंबरची मोटर कशी सुरुवातीपासून गुणाची, कुठल्या वर्षी सरकीला कीड लागली होती, राळेगावच्या रस्त्यावर कुठल्या वळणावर या गाडीचा पंखा तुटला होता. एकदा वडील हसले. म्हणजे हसल्यासारखं काहीतरी, घसा साफ केल्यासारखं. आई माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा दंड धरला तो सोडेचना.

मग मिस्त्री वर आले आणि म्हणाले की कसलं तर आहे, पण खालून समजत नाही, चालवून पाहा लागते. वडिलांनी बनियनवर सदरा मागितला. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले आणि मेंढकी फाटकातून बाहेर पडली. आम्ही दोघं फाटकात उभे. तासभर झाला, आई आत जायला तयार नव्हती. दिवेलागणीला ती आली, आवाज न करता, खड्ड्यावरून आली तरी 'खट्' नाही. मिस्त्रींच्या मांडीवर हिरव्या तुरीच्या शेंगांची पिशवी होती. वडिलांनी ती आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या सोल्याची भाजी कर. तिखट." मिस्त्रींनी सायकल काढली, जाता जाता म्हणाले, "गाडी चांगली हाय," आणि बाकीचं म्हटलं नाही. तीन-चार दिवसांनी वडील कटिंग करून आले. आठवड्याने आईने एक छोटी किल्ली माझ्या हातात दिली. "ठेव कुठंतरी. आता नाही लागत," म्हणाली. विहिरीची होती.

जिनिंग पुन्हा चालू झाली नाही, असं काही गोड झालं नाही. पण वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले, मशीन विकली तेव्हा स्वतः उभे राहून ट्रकवर चढवून दिली, आणि अखेर झोपेत, हृदय बंद पडून गेले. तोवर दर रविवारी राळेगाव रोडची फेरी असायची. गाडी विकायचा विषय मी पुन्हा काढला नाही. कपलिंगची ती रबरं इतकी वर्षं टिकली. आणि मी दरवर्षी वर्गात स्प्रिंग आणि वजन शिकवताना श्वास घेणाऱ्या पोत्याचा किस्सा सांगत राहिलो. अनुभव किती खरा आणि त्यामागची समजूत किती चुकीची असू शकते, याचं उदाहरण म्हणून. मुलं दरवर्षी हसत. मिस्त्रींच्या हयातीत, त्यांच्याच गावात, किमान त्यांचं नाव तरी मी घेत नव्हतो, एवढंच.

गेल्या आठवड्यात गॅरेजवर गेलो. मेंढकी पुन्हा खटखट करायला लागली आहे, ते एक निमित्त. सलीमने खुर्ची पुसून दिली. फरशीवर एका जीपचे बोल्ट जीपच्या आकारात मांडलेले होते. कोपऱ्यात दोन गोणपाटाची पोती टेकून ठेवलेली; तेलकट, जागोजागी ठिगळं लावलेली, तोंडं सुतळीने शिवलेली. ती मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो, आग लागली तर टाकायची वाळू असावी असं धरून चाललो होतो. त्या दिवशी काही बोलायचं म्हणून विचारलं, यात काय आहे. सलीम हसला. "ते? ते अब्बाचे पॅसेंजर. रेती हाय. बुश बदलले का बोल्ट कसताना सीटवर ठेवाची. एक डायवरचं, एक बाजूवाल्याचं. मी लहान होतो तवापासून हेच दोन हायेत, अम्मीनं दहा डाव शिवले असतीन." मी विचारलं, सगळ्यांच्याच गाडीत? "सगळ्याइच्याच. मालकाले कोन बसवते सर? मालक बसला का बोलत बसते, काम होत नाही." आमच्या गाडीबद्दल ते कधी काही बोलले होते का, असंही मी विचारलं. सलीमने आठवून पाहिलं. नाही म्हणाला, अब्बा गाडीवाल्यांच्या गोष्टी घरी सांगत नसत.

मी उठून त्या पोत्यांजवळ गेलो आणि एकावर हात ठेवला. अकरा दिवस रोज सायकल मारत येणारा, माझ्या तोंडाला तोंड न देणारा तो माणूस माझ्यापेक्षा जास्त भौतिकशास्त्र जाणत होता, आणि मला ते कळू न देता त्याने माझ्यासमोर अडाणी होणं पत्करलं होतं. अठरा वर्षं मी त्याला वर्गापुढे उभं करून हसत होतो. पाच आठवडे जे आलं नव्हतं ते तिथे, त्या तेलकट गोणपाटावर हात असताना आलं, आणि सलीमकडे पाठ होती ते बरं झालं.

तो मागून म्हणाला की गाडी सोमवारी आणून सोडा, बुश करून ठेवतो, तुम्हाला थांबायची गरज नाही. मी म्हणालो, बोल्ट कसायच्या वेळी मला बोलाव. मी येऊन बसतो.

"कायले सर?" सलीम म्हणाला, "वजनाले पोतं चालते."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तरी बसतो."